‘शॅल’ आणि ‘मे’ यांतला फरक कळलाच पाहिजे

इंग्रजीचे महत्त्व सांगणारी भाषणे चळवळीत पुष्कळ झाली. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, बाबासाहेबांनी आपले बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले, हे आपण प्रत्येक जयंतीला ऐकतो. टाळ्या वाजतात, मंडप उतरतो, आणि चार दिवसांनी वस्तीतला पदवीधर तरुण मुलाखतीत ‘आय हॅव पास्ड बी.ए. इन २०१९’ म्हणून मान खाली घालून बाहेर पडतो. उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातील बांका गावी २०१० साली इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी झाली. त्यामागची तळमळ आम्ही समजू शकतो. पण तेहतीस कोटींना निरोप दिलेल्या समाजाने त्यात आणखी एकीची भर कशाला घालावी? भाषा पूजेने येत नाही, सरावाने येते.

सराव कशाचा? शब्द आमच्या मुलांकडे आहेत. गाडी अडते ती क्रियापदापाशी. काळ कोणता, अट कशी घालायची, आणि ‘कॅन, मे, मस्ट, शुड, शॅल’ ही साहाय्यक क्रियापदे कुठे वापरायची, इथे घोडे पेंड खाते. ही बाब शाळेच्या गुणांपुरती आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने संविधान उघडावे.

कलम १७ पाहा. अस्पृश्यता ‘नष्ट केली जाईल’ किंवा ‘नष्ट केली जावी’ असे तिथे म्हटलेले नाही. इंग्रजी मजकुरात ‘इज’ आहे, म्हणजे वर्तमानकाळ. संविधान लागू झाले त्या क्षणी ती कायद्याने संपली. तिथे ‘शुड’ असते तर तो नुसता उपदेश झाला असता. आता कलम ३३० पाहा. लोकसभेत अनुसूचित जातींसाठी जागा राखून ठेवण्याबाबत तिथे ‘शॅल’ आहे. ती आज्ञा आहे, सरकारच्या मर्जीचा प्रश्न नाही. नोकऱ्यांबाबतच्या कलम १६ (४) मध्येही ‘शॅल’ आहे, पण वाक्याची बांधणी वेगळी आहे. राज्याला आरक्षण देण्यापासून या कलमातील काहीही रोखणार नाही, एवढेच ते सांगते. रोखणार नाही म्हणजे दिलेच पाहिजे असे नव्हे. याच बांधणीवर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात सांगितले की, पदोन्नतीत आरक्षण देण्यास राज्य सरकार बांधील नाही. तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या किती तरुणांना हे वाक्य मूळ इंग्रजीत सोडवून सांगता आले असते? आपल्या हक्काची लढाई एका क्रियापदावर अडली आहे, हे ज्याला वाचता येत नाही त्याने कोर्टात काय मागायचे?

शिक्षणाचेही तेच. मूळ कलम ४५ मध्ये राज्य दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा ‘प्रयत्न करील’ असे होते. प्रयत्न करण्यात दहाची पन्नास वर्षे गेली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आले आणि ‘प्रयत्न’ जाऊन ‘देईल’ आले. ते अंमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला. एका शब्दाच्या बदलासाठी किती पिढ्या खर्ची पडल्या, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आमची मुले मतिमंद म्हणून चुकत नाहीत. ती मराठीत विचार करतात आणि मराठीचे नियम इंग्रजीला लावतात. ‘मी २०१९ मध्ये बी.ए. झालो आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत मात्र साल सांगितले की काम संपले, तिथे साधा भूतकाळच हवा: ‘आय पास्ड’. ‘मी दोन वर्षांपासून काम करतो’ यात आपला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स’ म्हणावे लागते. अटीच्या वाक्याचे पाहा. ‘संधी मिळाली असती तर मी शिकलो असतो’ यात दोन्ही अंगांना ‘असता’चे रूप येते. म्हणून मुले इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड’ घालतात. इंग्रजीत ‘इफ’च्या अंगाला ‘हॅड’ आणि निकालाच्या अंगाला ‘वुड हॅव’ लागते. हा फरक मराठीतून समजावून दिला तर एका बैठकीत डोक्यात बसतो. मराठी बुडेल अशी ओरड करणाऱ्यांची मुले कुठे शिकतात ते आपण पाहतोच. त्यांना आमचे उत्तर एवढेच की, मराठी सोडून इंग्रजी शिका असे आम्ही म्हणत नाही. मराठी पक्की असेल तरच हा फरक दिसतो.

आणखी एक गोष्ट. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण असा भेद नाही. पाटील असो वा मजूर, सगळे ‘यू’. जातीच्या उतरंडीत ‘अरे-तुरे’ ऐकत आलेल्या माणसाला हे सुखावते. पण मग आदर जातो कुठे? तो ‘कुड’, ‘वुड’, ‘मे’ यांत जातो. साहेबाला ‘आय वॉन्ट लीव्ह’ म्हणणारा आमचा मुलगा उद्धट ठरतो. त्याच्या मनात उद्धटपणा नसतो, त्याला ‘मे आय’ची सवय नसते. हे वापरणे म्हणजे लाचारी नव्हे. तो त्या भाषेचा रिवाज आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आता तिशी ओलांडून गेली. बारा काळांचा तक्ता त्यांनी पाठ केला, पण वाक्य तोंडातून निघत नाही. मग ‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’वाले क्लास गाठायचे, आईच्या बचत गटाचे कर्ज तिथे ओतायचे आणि पन्नास तयार वाक्ये घेऊन परतायचे. ही लूट थांबवणे आपल्याच हातात आहे.

आमची सूचना साधी आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहाराविहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. हा ग्रंथ बाबासाहेबांनी मुळात इंग्रजीत लिहिला, तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. मराठी वाचन संपले की मुलांना तासभर थांबवा. त्याच पानाचा इंग्रजी मजकूर समोर ठेवा आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायला सांगा. काळ कोणता, तोच का, हे विचारा. मग तेच वाक्य स्वतःच्या घरावर करायला लावा: आई काल काय करत होती, आज काय करते, किती वर्षे करत आली आहे, उद्या काय करील. वाक्य तोंडाने म्हणायचे, चुकले तर हसायचे नाही. दुसऱ्या महिन्यात अटीची वाक्ये घ्या. तिसऱ्या महिन्यात संविधानाची कलमे १४ ते १७ मराठी-इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून वाचा. शिकवायला निवृत्त शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले आपले कर्मचारी आहेत. वर्गणी जयंतीच्या डीजेपेक्षा नक्कीच कमी लागेल.

‘शिकलो असतो तर’ हे वाक्य आपल्या आजा-आजीच्या तोंडी होते. त्यांना शिकू दिले नव्हते, म्हणून त्यांच्या तोंडी ते खरे होते. आज विहार आपले आहे, ग्रंथ आपला आहे, शिकवणारे आपल्यात आहेत. आता तेच वाक्य आपल्या मुलांच्या तोंडी आले, तर तो दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.