‘पुरेसे’ म्हणजे किती?

शिरूर अनंतपाळच्या औषधदुकानातून लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची एखादी बाटली घ्यावी आणि तिच्यावरील बारीक अक्षर वाचावे. औषधद्रव्य किती मिलिग्रॅम, हे तेथे काटेकोर नोंदलेले असते. रंगाचेही नाव असते. कारण औषधांत कोणते रंग चालतील याची यादीच १९४५ च्या औषध नियमावलीतील १२७ व्या नियमात दिलेली आहे. मात्र बाटलीचा बहुतेक भाग ज्या गोड, सुवासिक पाकाने भरलेला असतो, त्याच्यापुढे पुष्कळदा दोनच अक्षरे आढळतात : ‘क्यू. एस.’ या लॅटिन संक्षेपाचा अर्थ ‘पुरेसे’. कोणाला पुरेसे, आणि कशासाठी?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरातील वीसहून अधिक बालकांनी या प्रश्नाची किंमत प्राणांनी मोजली. त्यांतील अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत अखेरचा श्वास घेतला. त्यांना पाजलेल्या ‘कोल्ड्रिफ’च्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक रसायन ४८.६ टक्के निघाले, मर्यादा ०.१ टक्का आहे. ते चवीला गोड असते आणि शुद्ध ग्लिसरीन वा प्रॉपिलीन ग्लायकॉलपेक्षा स्वस्त पडते. विष होते ते त्या ‘पुरेशा’ पाकातच.

हा अपघात म्हणावा, तर इतिहास तसे म्हणू देत नाही. १९३७ साली अमेरिकेत याच रसायनात सल्फानिलामाइड विरघळवून, त्याला रासबेरीची चव देऊन ते विकले गेले. शंभराहून अधिक माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी तेथे कडक कायदा झाला. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सारी कीड उघडी केली. चाळीस वर्षांनंतर तेच विष पुन्हा बाटलीत सापडावे, हे आपल्या राज्ययंत्रणेवरील आरोपपत्र नव्हे काय?

कोणी म्हणेल, मग औषधांतील चवीवरच बंदी घाला. हा मार्ग चुकीचा आहे. कडू औषध मूल थुंकते आणि थुंकलेले औषध रोग बरा करीत नाही. आपल्याकडे कडू मात्रा मधातून चाटवीत. पण तो मध आईने स्वतः पाहिलेला असे. क्षयग्रस्त बालकांसाठी चवदार, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या २०१५ पासून उपलब्ध आहेत. त्यांना द्रावकाची गरजच नाही. वाद चवीशी नसून तिच्या आडून होणाऱ्या लपवाछपवीशी आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे बाजाराची मर्यादा स्पष्ट दिसते. जो औषध पितो तो ते निवडीत नाही. जो निवडतो तो पैसे देत नाही. आणि जो पैसे देतो, त्या शेतमजूर बापाला ते तपासता येत नाही. अशा ठिकाणी ‘ग्राहक राजा’ ही निव्वळ थट्टा होय. तपासणी सक्तीची केली तर लहान कारखाने बुडतील, असा युक्तिवाद केला जातो. लघुउद्योगांविषयी आम्हांलाही आस्था आहे. म्हणूनच शासनाने आपल्या प्रयोगशाळांत अल्प दरात तपासणी करून द्यावी. बचत करावयाची ती मुलांच्या मूत्रपिंडांवर नव्हे.

माशेलकर समितीने २००३ सालीच दर ५० कारखान्यांमागे व दर २०० विक्रीकेंद्रांमागे एक औषध निरीक्षक असावा, अशी शिफारस केली होती. ती पूर्ण अमलात यावी. द्रावक व चवीची द्रव्ये यांची नावे बाटलीवर, वाचता येतील अशा अक्षरांत छापावीत. प्रत्येक उत्पादन-गटाचा तपासणी अहवाल जनतेसाठी खुला असावा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत मुलांसाठी विरघळणाऱ्या गोळ्या मोफत मिळाव्यात.

कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हे विषय मांडावेत. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, ही केंद्राची ऑक्टोबर २०२५ मधील सूचना वाड्या-तांड्यांवरील प्रत्येक घरी पोचवावी. आणि दुकानात बाटली हाती घेताच विचारावे : ‘पुरेसे’ म्हणजे काय, आणि किती? उत्तर देणे ज्यांचे कर्तव्य आहे, त्यांना ते द्यावयास भाग पाडणे, हे आपले काम आहे.