लॅपटॉप : धाकटा की थोरला?

मंडळी, बारावीचे निकाल लागले की अल नहदातल्या मराठी घरांत, दुबईच्या बाजूला काय नि शारजाच्या बाजूला काय, एकच चर्चा सुरू होते : पुण्या-मुंबईच्या कॉलेजला निघालेल्या लेकराला लॅपटॉप लहान घ्यावा की मोठा? वडिलांचा कल बहुधा मोठ्याकडे. शाळेचे कपडे आपण 'वाढत्या अंगाचे' घेत आलो ना!

आता हिशेब पाहू. पडद्याचं माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतात. म्हणून १४ आणि १६ इंचांत फरक दोनच इंचांचा वाटला, तरी पडद्याची जागा सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. डोळ्यांना सुख, हे खरं. पण १४ इंची लॅपटॉप साधारण दीड किलोचा, तर १६ इंची बहुधा दोनच्या आसपास; शिवाय चार्जर. विमानात हातातल्या सामानाला बऱ्याच कंपन्यांची मर्यादा ७ किलोंची. पुढे हॉस्टेल, वर्ग, लायब्ररी ही रोजची हमाली निराळीच.

ज्यांचा लॅपटॉप टेबलावरून हलणार नाही, काम आकडेमोडीचं आहे, त्यांनी खुशाल मोठा घ्यावा. त्यात आकड्यांची बटणं बहुधा वेगळी असतात. रोज पाठीवर वागवणाऱ्यांनी लहानच घ्यावा. त्याला खोलीवर मोठा मॉनिटर केव्हाही जोडता येतो. मोठ्या लॅपटॉपचं वजन मात्र काही केल्या उतरत नाही.

आणि हो, दुकानात मुलांनाही न्या, दोन्ही उचलून पाहू द्या. पैसे आपले, पाठ त्यांची!