बचत कोणाची?

मनोरुग्णांसाठी वस्तीत चालविलेले एखादे निवासगृह बंद करण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा त्यासोबत बचतीचा आकडा हमखास असतो. घरभाडे, औषधे, मदतनिसांचे पगार यांची बेरीज केली, की तेवढी रक्कम वाचली असे जाहीर होते. बेरीज चुकलेली नसते. ती फक्त एका खात्याच्या वहीपुरती असते. तेथील दहा-बारा माणसांची भूक, झोप आणि आजार दुसऱ्या दिवशीही चालूच राहतात.

हा भार कसा सरकतो, हे अमेरिकेच्या इतिहासात स्पष्ट दिसते. 1955 साली तेथील राज्यांच्या मनोरुग्णालयांत सुमारे 5,59,000 माणसे होती. 1980 पर्यंत ही संख्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आली. याचे श्रेय नव्या औषधांना दिले जाते, आणि ते काही अंशी रास्तही आहे. परंतु 1965 साली सुरू झालेल्या मेडिकेड योजनेचा वाटा सहसा सांगितला जात नाही. पासष्ट वर्षांखालील प्रौढ रुग्ण मनोरुग्णालयात राहिला तर या योजनेतून केंद्राचा पैसा मिळत नसे. तोच रुग्ण शुश्रूषागृहात हलविला तर खर्चाचा मोठा हिस्सा केंद्र उचलीत असे. साहजिकच रुग्ण बरा झाला काय यापेक्षा तो कोणाच्या खात्यावर मांडला जातो, याला महत्त्व आले.

31 ऑक्टोबर 1963 रोजी केनेडी यांनी सही केलेल्या कायद्यातून सामुदायिक केंद्रांचे देशव्यापी जाळे उभे राहावयाचे होते. योजिलेल्या 1,500 केंद्रांपैकी जेमतेम निम्मी झाली. 1980 साली कार्टर यांच्या कारकीर्दीत नवा कायदा झाला. पुढच्याच वर्षी रेगन प्रशासनाने तो बव्हंशी मोडीत काढला आणि राज्यांच्या हाती घटविलेले अनुदान ठेवले. रुग्णालय गेले होते, घर आले नव्हते. पुढे लॉस एंजेलिसच्या तुरुंगालाच देशातील सर्वांत मोठे मनोरुग्णालय म्हटले जाऊ लागले. तुरुंगातली खाट फुकट मिळत नाही, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही!

ज्यांना तुरुंगाची वाट टळते, ते घरी परततात. तेथे म्हातारी आई किंवा नोकरी सोडून बसलेली बहीण रात्री जागते. तिच्या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात नाही, म्हणून बचतीचा आकडा इतका देखणा दिसतो. निवासगृहात वेगळे काय घडते? गोळ्या वेळेवर दिल्या जातात, भाजी निवडण्याच्या पाळ्या लागतात, आणि एखादा दोन रात्री झोपला नाही हे कोणाच्या तरी ध्यानात येते. या ध्यानात येण्यामुळेच पुढचे पोलीस, इस्पितळ, धावपळ टळते.

सर्वच निवासगृहे राखण्याजोगी असतात असे नव्हे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले 28 रुग्ण मरण पावले. तशा कोंडवाड्यांना टाळेच हवे. पण टाळे लावण्याचीही रीत असते. इटलीतील त्रिएस्ते येथे फ्रांको बसालिया यांनी 1971 पासून मनोरुग्णालय रिकामे करीत आणले, ते रुग्णांची सहकारी संस्था, सामायिक बिऱ्हाडे आणि चोवीस तास उघडी केंद्रे उभी करीत. 1980 साली रुग्णालय बंद झाले, तेव्हा माणसांना जायला जागा होती.

भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हेच मान्य केले आहे. घर नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्यावरून कोणाला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. मध्यंतर निवास व गटनिवास यांची व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. तरीही 2019 साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र शासनाला बजावावे लागले, की मनोरुग्णालयांतील माणसांना भिक्षेकरी गृहांत हलविण्याचा प्रकार थांबवा. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार मोठी रुग्णालये चालविणाऱ्या राज्याची ही कथा!

तेव्हा निवासगृह बंद करण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला एक यादी जोडणे सक्तीचे करावे: आज तेथे राहणारी प्रत्येक व्यक्ती टाळे लागेल त्या रात्री कोठे झोपेल, आणि तिच्या गोळ्या कोण देईल. ही यादी पुरी होईपर्यंत अनुदानाचा हप्ता चालू ठेवावा.