रात्री दोन वाजता

गेल्या रविवारी पेणची उपासना आटोपून आम्ही सहाजण दिव्याहून येणाऱ्या गाडीने रोह्याला गेलो. कासू, नागोठणे, निडी. दोन्ही बाजूंना लावणीची शेतं पाण्याने डबडबलेली. आमच्या मंडळीतला एक तरुण, वय चौतीस, जूनमध्ये रात्रपाळीहून घरी आला, चहाचा कप उचलायला गेला आणि उजवा हात उचललाच नाही. अर्धांगवायू. शेजारच्या रिक्षावाल्याने दवाखान्यात पोचवलं, तिथून मुंबईला हलवायला सांगितलं. नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल. 2011पासून चौपदरीकरण चाललेल्या त्या महामार्गावर ॲम्ब्युलन्स खड्ड्यात आदळली की त्याची बायको त्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरायची. आता तो घरी आलाय. बोलणं थोडं परतलंय, हात आणि पाय नाही.

आम्ही प्रार्थना केली. मग आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "यातही देवाची काहीतरी योजना असेल." मनापासूनच म्हणालं. मीसुद्धा हे वाक्य किती घरांतून बोललोय. तिने मान हलवली, उठली, आत जाऊन सुपात तांदूळ घेतले. पाण्याच्या निमित्ताने मी मागे गेलो. खडे वेचता वेचता, वर न बघता ती म्हणाली, "योजना असेल, काका. मी नाही म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता यांना कुशीवर वळवायला मी एकटी पुरत नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाणी पिऊन मी बाहेर आलो.

ईयोबाचं सगळं गेलं, मुलंबाळं, गुरंढोरं, अंगावरची धड कातडीसुद्धा, तेव्हा त्याचे तीन मित्र भेटायला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, चकार शब्द न काढता. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम तेच. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथे ते घसरले. अखेर देवाचा राग त्यांच्यावर झाला आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला त्याने कुणाला सांगितलं, तर दिवसरात्र तक्रार करणाऱ्या ईयोबाला. हा भाग आपण उपासनेत फार क्वचित वाचतो.

आपल्या जिल्ह्यावर संकट येतं ते बहुतेकदा जुलैत. 1989च्या जुलैत अंबा नदी नागोठण्यात आणि जांभूळपाड्यात घुसली. 2005च्या जुलैत महाडकडच्या दरडी कोसळल्या. 22 जुलै 2021ला तळिये, 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडी. तिथे गाडली गेलेली माणसं तुमच्याआमच्यापेक्षा जास्त पापी होती, असं म्हणायची कुणाची छाती आहे? शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, त्यांच्याबद्दल प्रभूने हाच प्रश्न विचारला होता. गेथशेमानेत त्याने स्वतः हा प्याला टळावा म्हणून मागणं केलं. तो टळला नाही. म्हणून भरवसा ठेवला की घर सुरक्षित राहतं, अशी शिकवण मी कुणालाही देणार नाही, लहान मुलांना तर नाहीच. आणि देवापाशी गाऱ्हाणं मांडणाऱ्याला अविश्वासी ठरवणाऱ्यांनी एकदा स्तोत्रसंहिता उघडावी. दीडशेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाणीच आहेत.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेली. 1880मध्ये भाऊ. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच 1882मध्ये पती पटकीने गेले. बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, 1883मध्ये. त्यापुढे तरी दुःखं थांबली का? केडगावच्या मुक्ती मिशनची धुरा जिच्यावर सोपवायची, ती एकुलती एक लेक मनोरमा 1921च्या जुलैत वारली. बाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी अधू. हातात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम होतं. साध्या बायाबापड्यांना समजेल असं मराठी बायबल हवं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. छपाई केडगावातच, आश्रमातल्या बायकामुलींच्या हातून. लेकीला मूठमाती देऊन बाई त्याच कामाकडे परतल्या. 5 एप्रिल 1922ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. 1924मध्ये ते छापून बाहेर पडलं.

लेक का गेली याचं उत्तर बाईंना मिळालं होतं का, हा प्रश्न मला आता पडत नाही. त्या पुन्हा त्या कागदांपाशी बसल्या, एवढं मला पुरतं. त्यांच्या भोवती मात्र घरभर माणसं होती, दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींनी भरलेलं अंगण होतं. रोह्यातल्या आमच्या बहिणीच्या घरात रात्री दोन वाजता कुणी नव्हतं, आणि त्याला देव जबाबदार नव्हता. आम्ही होतो.

परतीच्या गाडीत एकाने जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं. पाठकोऱ्या बाजूवर वार लिहिले आणि समोर नावं. सात वार, माणसं सहा. शनिवार मोकळा राहिला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, शनिवार शेजारच्या रिक्षावाल्याने मागून घेतलाय. तो बल्लाळेश्वराचा भक्त, दर चतुर्थीला पालीला जातो.

बुधवार माझा होता. कसं वळवायचं ते तिने दाखवलं. एक हात खांद्याखाली, दुसरा कमरेखाली, हळूच आपल्याकडे ओढायचं, मग पाठीशी उशी. "दोनला मला हाक मारा, काका," असं सांगून ती आतल्या खोलीत गेली. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. दोन वाजले. मी त्याला वळवलं, उशी लावली. तिला हाक मारली नाही.