वर्गातला झाडू

जपानात राहणाऱ्या माणसाला गावाकडून पहिला प्रश्न येतो तो बुलेट ट्रेनचा. खरे सांगायचे तर आमचा तिच्याशी संबंध वर्षातून एखाद्या वेळेचा. रोजचे सुख निराळेच आहे आणि ते लहान लहान गोष्टींत आहे.

आम्ही तोक्योच्या निशी-कासाई भागात राहतो. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेली अनेक भारतीय कुटुंबे इथे स्थिरावली, त्यामुळे तुरीची डाळ घराजवळच मिळते. संध्याकाळी पाचच्या सुमारास भोंग्यांतून एक गोड धून वाजते. भूकंप-पुराच्या वेळी सूचना देण्यासाठी बसवलेले हे भोंगे नीट चालतात की नाही, याची ती रोजची तपासणी. मुलांसाठी मात्र ती घरी परतण्याची खूण. धून ऐकली की आमची सात वर्षांची लेक बागेतून आपली आपण घरी येते.

एकदा आमचे पैशाचे पाकीट बसमध्ये राहिले. चौकातल्या पोलीस चौकीत, तिला इथे कोबान म्हणतात, वर्दी दिली. दोन दिवसांनी पाकीट जसेच्या तसे हाती आले. सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागण्याचा कायद्याने हक्क आहे. ज्याला ते सापडले, त्याने तेही मागितले नव्हते.

सगळेच गोड आहे असे नाही. भाड्याचे घर शोधताना ‘परदेशी नकोत’ हे उत्तर आम्हीही ऐकले. कातडी कमावणे, जनावरे कापणे अशी कामे करणाऱ्यांना जपाननेही शतकानुशतके हीन लेखले. १८७१ साली सरकारी फर्मानाने तो भेद रद्द झाला, तरी लग्न आणि नोकरीच्या वेळी तो डोके वर काढीत राहिला. म्हणून २०१६ साली त्याविरुद्ध पुन्हा कायदा करावा लागला.

पण परवाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आईचा फोन आला. नातीने तिला मोठ्या कौतुकाने सांगितले, “आजी, आज मी वर्ग झाडला!”

पलीकडे आई गप्प झाली. मग म्हणाली, “का रे, पोरीच्या हातात झाडू दिला का तिथंही?”

तिच्या लहानपणी शाळेत झाडू कोणाच्या हाती दिला जाई, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

आम्ही तिला समजावले. “आई, इथे सगळीच पोरे झाडतात. डॉक्टरचा मुलगाही आणि दुकानदाराची मुलगीही. फरशी पुसतात, जिने पुसतात. पाळ्या ठरलेल्या असतात आणि शिक्षकही सोबत असतात.”

“अन् जेवण कोण वाढतं?”

“तेही पोरेच. पांढरा अंगरखा आणि टोपी घालून, पाळीपाळीने. आपली लेकही वाढते.”

“तिच्या हातचं सगळे खातात?”

“सगळे.”

आई पुन्हा थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मग झाडू दे तिला.”

फोन ठेवल्यावर आम्ही दोघे बराच वेळ तसेच बसून राहिलो. परदेशातले सुख म्हणतात ते आम्हाला त्या दिवशी कळले.