हिमातील किल्ट आणि आपले पथ्यापथ्य

स्कॉटलंडमध्ये शिक्षणासाठी गेलेल्या मुलाचे छायाचित्र घेऊन पालक दवाखान्यात येतात. हिवाळ्यातील पदवीदान समारंभ, भोवती बर्फ, आणि चिरंजीवांच्या अंगावर भाड्याने आणलेला किल्ट, गुडघे उघडे. "वैद्यराज, याला वात तर धरणार नाही ना? एखादे तेल द्या, पाठवून देतो." असा प्रश्न आम्हांस एकाहून अधिक वेळा विचारला गेला आहे. यावर आपली उत्तरे बहुधा दोनच असतात. एक, "हेमंतात उघडे अंग म्हणजे वातप्रकोप, हे अपथ्यच." दुसरे, "तिकडच्या लोकांना सवय असते, काही होत नाही." दोन्ही उत्तरे घाईची आहेत, आणि त्यांपाठोपाठ दिली जाणारी तेलाची बाटली कधी कधी अपायकारकही ठरू शकते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम वस्त्राचाच विचार करू. पारंपरिक किल्टला सुमारे आठ वार लोकरी कापड लागते. म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा जेमतेम एक वार कमी. मागील बाजूस दाट चुण्या, पुढे एकावर एक दोन पदर, कमरेला घट्ट पट्टा, पायांत गुडघ्याखालपर्यंत जाड लोकरी मोजे. उघडा राहतो तो केवळ गुडघ्याचा भाग. याचे पूर्वरूप असलेले मोठे वस्त्र डोंगराळ भागातील लोक दिवसा कमरेला गुंडाळून खांद्यावर घेत आणि रात्री तेच पांघरून झोपत. आपल्या धनगर बांधवांची घोंगडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस यात नवल वाटणार नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, हा तिचा गुण दोन्हीकडे सारखाच आहे.

आता शास्त्रदृष्टीने पाहू. पक्वाशय, कटी आणि सक्थी ही वाताची स्थाने वाग्भटाने सांगितली आहेत. किल्ट कटी व मांड्यांचा वरचा भाग जाड लोकरीने झाकतो. परिधान करणारा चालत असेल, भरल्या पोटी असेल आणि हवा कोरडी असेल, तर थोडा वेळ उघडे राहिलेले गुडघे सशक्त पुरुषास सोसवतात. हेमंतात बलवानांचा अग्नी प्रबळ असतो, आणि त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसालाच ग्रासतो, हे चरकाने तस्याशितीय अध्यायात सांगितलेच आहे. म्हणजे किल्ट सरसकट अपथ्य नव्हे.

परंतु यातील एकेक अट काढून घ्या, आणि चित्र पालटते. पहिल्या महायुद्धात स्कॉटिश पलटणी किल्ट घालून खंदकांत उभ्या होत्या. तेथे चालणे नव्हते, कोरडेपणा नव्हता. चिखलपाण्याने वस्त्र जड होई, काठ गोठून कडक होत आणि गुडघ्यांमागील कातडी कापीत. चुण्यांत उवा होत त्या वेगळ्याच. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी हा युद्धवेश मागे घेण्यात आला. वस्त्र तेच, माणसेही सशक्त. बदलली ती परिस्थिती.

दुसरा मुद्दा सात्म्याचा. "त्यांच्या रक्तातच आहे ते" असे म्हणणे सोपे आहे. पण ओकसात्म्य अभ्यासाने येते, वंशाने नव्हे. १७४६ च्या कायद्याने डोंगराळ प्रदेशातील या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. आज बहुसंख्य स्कॉटिश माणसे रोज विजारच घालतात. किल्ट निघतो तो लग्नकार्यात, सणासमारंभात. म्हणजे रोज विजार घालणाऱ्या स्थानिकासही हिमातील उघड्या गुडघ्यांचे सात्म्य असतेच असे नाही. मग पुण्याहून वा साताऱ्याहून गेलेल्या मुलास ते कोठून असणार? चरकाने सांगितलेला पादांशिक क्रम, म्हणजे सवय चतुर्थांशाने लावणे वा सोडणे, येथे तंतोतंत लागू पडतो. आधी थोडा वेळ, कोरड्या हवेत, चालताना. मग हळूहळू अधिक.

आता सर्वांत महत्त्वाचे. "पाय बधिर झाले, पांढरे पडले" असा निरोप परदेशातून आला की आपली जीभ "कोमट तेलाने चोळा, शेक द्या" असे म्हणून जाते. औषधी दुकानदार बंधूही तेच सांगतात. याला आधार म्हणून सुश्रुताचा दाखला देता येतो. अग्निकर्मविधी अध्यायात शीत, वर्षा व वायू यांनी झालेल्या दग्धास स्निग्ध व उष्ण उपचार सांगितला आहे. पण सुश्रुताने त्यास दग्ध म्हटले आहे, हे आपण विसरतो. भाजलेली कातडी कोणी चोळतो काय? हिमाने गोठलेली त्वचा चोळल्यास आतील ऊती फाटतात. बधिर त्वचेस चटका कळत नाही. म्हणून शेगडी, गरम पिशवी वा तापवलेली वाळू तेथे नवी जखम करते. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल, तरच ३७ ते ३९ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात तो भाग बुडवावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. उष्ण म्हणजे इतकेच उष्ण. स्नेहाची वेळ त्वचा पूर्ववत झाल्यावर येते. त्या आधी तेल पाठविणे म्हणजे रुग्णास रुग्णालयापासून दूर ठेवणे होय.

म्हणून वैद्यबंधूंस व औषधी दुकानदारांस आमची नम्र सूचना आहे. बाटली बांधून देण्यापूर्वी विचारावे : कातडी पांढरी, कठीण वा बधिर आहे काय? फोड आहेत काय? असल्यास तेल देऊ नये, रुग्णालयाचा मार्ग दाखवावा. केवळ लाल-जांभळेपणा व खाज असेल, तर ऊब, कोरडेपणा आणि धीर यांनी बहुधा भागते. मधुमेही, संधिवाताचे रुग्ण आणि थंडीत ज्यांची बोटे पांढरी पडतात अशांनी हिमात किल्टचा हट्ट धरू नये. इतरांनी जाड लोकरीचाच घ्यावा, आत उबदार वस्त्र घालावे (आत काहीच न घालण्याची जी प्रथा विनोदाने सांगतात, ती बर्फात पाळण्याचे कारण नाही), डोके व हात झाकावेत, ओले होताच बदलावे. मद्याने ऊब आल्यासारखी वाटते, पण त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारून शरीराची उष्णता बाहेरच जाते. हेही मुलांना सांगावे.

देश, काल, बल आणि सात्म्य हे शब्द आपण परीक्षेत लिहिले. ते दुकानाच्या फळीवर आणि दूरध्वनीवरील सल्ल्यातही उतरले पाहिजेत. परदेशातील रुग्णास आपण पाहू शकत नाही. निदान विचारू तरी शकतो.