आधीचा हुकूम तपासा

समोरचा पक्षकार कागद दाखवत नाही, म्हणून त्याचा दावा काढून टाका, असा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११, नियम २१ खालचा अर्ज आता दिवाणी वकिलाच्या सवयीचा झाला आहे. अर्जदाराला दावा खरोखर जावा असे वाटतच असते, असे नाही. समोरच्याला जरा हलवावे, खर्च मिळाला तर मिळवावा, आपल्या बाजूची तारीख लांबली तर तीही चालेल, एवढाच हिशेब बऱ्याचदा असतो. त्यामुळे अर्ज चार ओळींचा आणि मोघम निघतो.

नियम मात्र मोघम नाही. प्रश्नावलीची उत्तरे देणे, दस्तऐवजांचे प्रकटीकरण करणे किंवा त्यांची तपासणी करू देणे यांपैकी कोणताही हुकूम वादीने मोडला, तर दावा न चालवल्याबद्दल तो काढून टाकता येतो. प्रतिवादीने मोडला, तर त्याचा बचाव जातो. गैरहजेरीत गेलेला दावा आदेश ९, नियम ९ खाली पुरेसे कारण दाखवून पुन्हा फाईलवर आणता येतो. नियम २१ मध्ये तशी सोय नाही. उलट १९७६ च्या दुरुस्तीने आलेला पोटनियम (२) त्याच वादकारणावर नवा दावाही करू देत नाही. वादीच्या हाती उरते आदेश ४३, नियम १ खालचे अपील. म्हणजे जमिनीचा हक्क, थकलेली रक्कम किंवा करारपूर्ती, यांतले काहीही असो, गुणदोषांवर एक शब्द न बोलता कायमचे संपू शकते.

एवढ्या जबर शिक्षेला सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच लगाम घातला. बब्बर सिव्हिंग मशीन कंपनी विरुद्ध त्रिलोकनाथ महाजन या निवाड्याने सांगितले, की नियम २१ टोकाच्या प्रसंगीच वापरावा. हुकूम जाणूनबुजून, हट्टाने धुडकावलेला असला पाहिजे. बचाव गेलेल्या प्रतिवादीलाही वादीच्या साक्षीदारांचा उलटतपास घेता येतो, हेही त्याच निवाड्यात आहे. हा निवाडा सगळ्यांना पाठ आहे. अर्ज फेटाळला गेला की ‘न्यायालये फार मऊ झाली’ म्हणायलाही आपण मोकळे असतो.

आमच्या मते मऊपणा न्यायालयाचा कमी आणि आपल्या आधीच्या कामाचा जास्त असतो. नियम २१ चा अर्ज टिकणार की नाही, हे त्याआधीच्या हुकुमाने ठरवलेले असते. रोजनाम्यात ‘वादीने संबंधित कागद हजर करावेत’ एवढीच ओळ असेल, तर नेमके काय मोडले हे दाखवणार कसे? कोणते कागद, किती तारखेपर्यंत, कुठे? शिवाय कागद हजर करण्याचा हुकूम नियम १४ खालचा. नियम २१ च्या शब्दांत प्रश्नावली, प्रकटीकरण आणि तपासणी आहे. हजर करणे नाही. आपण मागतो नियम १४ खाली आणि शिक्षा मागतो नियम २१ खाली. समोरच्या वकिलाने हे एकदा दाखवले, की अर्ज तिथेच बसतो. नियम १४ चा हुकूम मोडणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान मागता येते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये या अनुमानाचे उदाहरण आजही आहे. अनेक दाव्यांत त्या अनुमानाने काम भागते.

तपासणीचा खरा रस्ता लांब आहे, पण सरळ आहे. आधी नियम १५ खालची नोटीस, मग नियम १७ प्रमाणे समोरच्याने वेळ कळवायची, त्याने कळवली नाही तर नियम १८ चा हुकूम, आणि त्या हुकुमात जागा व पद्धत. प्रकटीकरणासाठी नियम १२ चा हुकूम आणि परिशिष्ट क मधल्या नमुना ५ मधले शपथपत्र. एवढे रेकॉर्डवर असेल, तर हट्ट दाखवायला वेगळे भाषण लागत नाही. मधल्या पायऱ्याही आहेत: अपुऱ्या उत्तरासाठी नियम ११, तारखा खाणाऱ्यासाठी कलम ३५ब चा खर्च. तो खर्च भरल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही, ही त्याची खरी ताकद.

आता दुसऱ्या बाजूच्या वकिलाविषयी. हुकूम झाल्यावर गप्प बसणे ही सर्वांत महागडी सवय आहे. कागद नसेल तर नाही म्हणून शपथपत्रावर सांगावे. कधी होता, कोणाकडे गेला, शोध कुठे घेतला, तेही. देऊ शकत नाही आणि देत नाही यांतला फरक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निवाड्यांत चांगला दिसतो. १९५८ मध्ये एका स्विस कंपनीला तिच्या देशाच्या गुप्ततेच्या कायद्यामुळे कागद देता येत नव्हते. तिचा दावा काढून टाकणे त्या न्यायालयाला मान्य झाले नाही. १९७६ मध्ये मात्र एका हॉकी क्लबने महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे १७ महिने टाळली होती. वरिष्ठ न्यायालयाने वाचवलेला तो दावा सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा काढून टाकला. अशा वागण्याला इतरांनी सोकावू नये, हे कारण त्यात उघडपणे दिले आहे. आमच्याकडे इतके कडक व्हावे असे आम्ही म्हणणार नाही. तिथे प्रकटीकरण दाव्याच्या केंद्रस्थानी असते. आमच्या जिल्हा न्यायालयांत ते अजून अर्जाअर्जीच्या कोपऱ्यात आहे. वाटणीच्या दाव्यात तर एका वादीच्या हट्टापायी बाकी हिस्सेदारांचेही काम अडते, तिथे हा अर्ज दहादा विचार करून द्यावा.

वाणिज्य न्यायालयांत गंमत अशी, की तिथल्या नव्या आदेश ११ मध्ये दावा काढून टाकण्याचा हा नियमच नाही. कागद दाव्यासोबतच द्यायचे, आणि मागे ठेवलेला कागद वाजवी कारणाशिवाय व न्यायालयाच्या परवानगीशिवाय वापरता यायचा नाही. दडवादडवीसाठी जबर खर्चाची तरतूद वेगळी. नेहमीच्या दिवाणी दाव्यातही अशिलाला पहिल्याच भेटीत सातबारा, पावत्या, पत्रव्यवहार, फोनमधले संदेश, सगळे काढायला लावावे, आणि जे मिळाले नाही त्याचीही यादी त्याच्या सहीनिशी करून ठेवावी. हुकूम झाल्यावर शपथपत्र करायला तीच यादी लागते.